यानातली कोठी

अवकाशयानाच्या गोष्टीत सामानाची कोणी चौकशी करत नाही. नायक यानात चढतो, बटणे दाबतो, तारे भराभर मागे पडतात. पण त्याचे जादा कपडे, खाणेपिणे, दुरुस्तीचा पाना कुठे ठेवला आहे हे लेखक सांगत नाही आणि वाचकही विचारत नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे यातली सोय मला चांगली ठाऊक आहे. पात्राला साताऱ्याहून मुंबईला पाठवायचे तर एक वाक्य पुरते. त्याच्या ट्रंका कोणी उचलल्या आणि हमालाला किती द्यावे लागले हे लिहीत बसलो तर प्रकरण संपायचे नाही. म्हणूनच संगणकावरच्या एका अवकाशखेळाने माझ्यापुढे नेमका ट्रंकांचाच हिशेब मांडला, तेव्हा मी सावरून बसलो.

खेळाचे नाव 'स्टारफील्ड'. अमेरिकेतल्या बेथेस्डा गेम स्टुडिओजने केलेला, सप्टेंबर २०२३ मध्ये बाजारात आलेला. असल्या खेळांना 'रोल प्लेइंग' म्हणतात. म्हणजे एक सोंग घ्यायचे आणि त्या सोंगाला साजेल असे जगायचे. काळ इसवी सन २३३० चा, ग्रह हजारावर, आणि आपण सुरुवातीला खाणीतले एक साधे मजूर. कराडला इंजिनिअरिंग शिकणारा माझा पुतण्या पावसाळ्यात चार दिवस कोयनानगरला आला की आपला जाडजूड लॅपटॉप बरोबर आणतो. इथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. जुलैत एकदा धरला की घराच्या पायरीखाली उतरणे नकोसे होते, भिंतींना ओल येते, काड्यापेटीसुद्धा चुलीजवळ ठेवावी लागते. अशा दिवसांत मी तो खेळ शिकलो. बंदुकीचे काम मी पुतण्यावर सोपवतो. कोठी मी सांभाळतो.

आता ही कोठी म्हणजे काय ते सांगतो. खेळातला आपला माणूस अंगावर सुरुवातीला १३५ वजन वाहू शकतो. 'फ्रंटियर' नावाचे जे पहिले यान हाती येते, त्याच्या कोठीत ४५० मावते. वाचायला हे आकडे भरघोस वाटतात. पण एकेक बंदूक, अवकाशात घालायचा पोशाख, खाणीतले लोखंड, शिसे, ॲल्युमिनियम असे जमत गेले की तासाभरात कोठी तुडुंब. अंगावरचे ओझे मर्यादेपलीकडे गेले की माणूस धापा टाकू लागतो, त्याचा प्राणवायू झपाट्याने उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तरीही धावत राहिलात तर जीव कमी होऊ लागतो. एरवी नकाशावर बोट ठेवून एका ठिकाणाहून दुसरीकडे झटकन जायची सोय असते, तीही बंद होते. ओझे घेऊन पायी चालत यानापर्यंत जायचे. घाट चढून गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

यातली गंमत अशी की कोठी भरते ती बहुतेक वेळा बिनकामाच्या वस्तूंनी. ओसाड पडलेल्या प्रयोगशाळेत शिरले की टेबलावरचा कप, वही, पेन, फायलीचे पुठ्ठे, सगळे उचलता येते. आणि उचलता येते म्हणून माणूस उचलतो. खेळ नवा असताना कोणी तर हजारो बटाटे गोळा करून यानाच्या चालककक्षात ओतले आणि त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. पुतण्या माझ्या मागे उभा राहून म्हणतो, "तात्या, आधी ती वह्यापेनं टाका की. किंमत बघा अन् वजन बघा." खेळात प्रत्येक वस्तूपुढे हे दोन आकडे असतात, किंमत आणि वजन. मुरलेले खेळाडू एकाला दुसऱ्याने भागतात आणि भागाकार कमी आला की वस्तू तिथेच टाकून पुढे जातात.

कोठी मोठी करता येते, पण फुकट नाही. यानाला मालाचे डबे जोडले की त्यांचे स्वतःचे वजन वाढते. यान जड झाले की वळायला मंद होते. मंद झाले की चाचे गाठतात. मग जोरदार इंजिन घ्या, त्याला शक्ती पुरवणारी भट्टी घ्या. म्हणजे चार पोती जास्त ठेवायची म्हणून ट्रकच बदलायचा. त्यात यानात एखादी खोली जोडली किंवा काढली, तर आत हौसेने मांडून ठेवलेल्या सगळ्या सुट्या वस्तू आपोआप कोठीत जाऊन पडतात. घराला रंग काढल्यानंतरचा आठवडा ज्यांनी भोगला आहे त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. चोरटा माल न्यायचा तर त्यासाठी वेगळी झाकलेली कोठी लागते, कारण मोठ्या वस्तीजवळ पोचताच पहारेकरी यानाची झडती घेतात. जुना जकात नाकाच म्हणा.

मी एकतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक कमरेला लावून. बाहेरच्यांना वाटते, तिजोरी जितकी भरलेली तितकी शाखा श्रीमंत. आत बसणाऱ्याला ठाऊक असते की प्रत्येक शाखेला रोकड ठेवण्याची एक मर्यादा घालून दिलेली असते. तिच्यावर नोटा साठल्या की पहारा, गाडी, पंचनामा असा सगळा इतमाम करून त्या करन्सी चेस्टकडे रवाना करायच्या. पडून राहिलेली नोट व्याज मिळवत नाही, उलट जोखीम मात्र वाढवते. आणि मर्यादेच्या खूप खाली आलात, तर ऐन पगाराच्या दिवशी पेन्शनर काउंटरवर उभा आणि ड्रॉवर रिकामा. कॅशियरची कसोटी या दोन टोकांच्या मधल्या पट्टीत असते.

'स्टारफील्ड'च्या दुकानदारांना हीच अडचण घातलेली पाहून मला त्या खेळाबद्दल आदर वाटला. दुकानदाराकडे ठरावीक रोकड असते, बहुधा काही हजार. तुम्ही भारी बंदुकांचे गाठोडे घेऊन गेलात की दोन बंदुकांतच त्याचा गल्ला संपतो. गल्ला पुन्हा भरायला ४८ तास लागतात. यावर खेळाडूंनी काढलेली युक्ती फार बहारीची आहे. शुक्रावर दिवस फार मोठा, म्हणून तिथे एक तास झोप काढली की बाकीच्या विश्वात शंभर तास उलटतात. माल विकायचा, शुक्रावर जाऊन डुलकी काढायची, परत येऊन उरलेला विकायचा!

हा हिशेब या खेळाने शोधलेला नाही. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन इंग्रज तरुणांनी 'एलिट' नावाचा खेळ केला. त्यात १०० क्रेडिट आणि २० टनांची कोठी देऊन तुम्हाला व्यापाराला सोडत. धान्य, कापड, यंत्रे, मद्य टनांवर. सोने आणि प्लॅटिनम किलोवर, रत्ने ग्रॅमवर. किलो आणि ग्रॅममधला माल कोठीची टनांची जागा खात नसे. सोनेतारण कर्जे तोललेल्या माणसाला ही नोंद वाचून कसे वाटले असेल याची कल्पना करा. त्या काळी आमच्या शाखेत लेजरे हाताने लिहीत आणि शिल्लक जुळेपर्यंत रात्र होई.

खऱ्या अवकाशातही ही कटकट सुटलेली नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात वस्तूंवर पट्ट्यांचे सांकेतिक लेबल लावून कोणती कुठल्या पिशवीत आहे याची नोंद ठेवतात, तरीही २०२३ मध्ये फ्रँक रुबियो या अंतराळवीराने तिथे वाढवलेला टोमॅटो तरंगत कुठेतरी गेला. त्यानेच तो खाल्ला असणार अशी चेष्टा झाली. काही महिन्यांनी, तो पृथ्वीवर परतल्यावर, सुकलेल्या अवस्थेत टोमॅटो सापडला.

आता माझी तक्रार. इतका काटेकोर हिशेब मांडणाऱ्या खेळाने एक पळवाट ठेवली आहे. न्यू अटलांटिस नावाच्या शहरात आपल्या मंडळाचा जो वाडा आहे, तिथल्या खोलीत एक तिजोरी आहे. तिला तळ नाही. काहीही, कितीही टाका. शिवाय मे २०२४ च्या सुधारित आवृत्तीत माणसाने किती वाहावे, दुकानदाराकडे किती रोकड असावी, हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायची मुभा दिली. बदल्यात अनुभवाचे गुण थोडे कमी मिळतात इतकेच. पुतण्याने ही मुभा घेतली आहे. मी घेतलेली नाही. यावरून आमचे वाजते. "खेळ खेळायला असतो, ऑडिटला नाही," हे त्याचे म्हणणे. मला वाटते, कोठीला तळ नसेल तर प्रत्येक वस्तू सारखीच मोलाची होते, आणि मग त्या तिजोरीतले काही पुन्हा बाहेर निघत नाही. त्याच्या तिजोरीत सध्या किती वह्यापेने आहेत ते मी पाहून ठेवले आहे.

आम्ही भांडतो ती जागाही अशी, की खिडकीतून महाराष्ट्रातली सर्वांत बोलली जाणारी कोठी दिसते. कोयना धरणाची क्षमता पूर्वी ९८.७८ टीएमसी होती, दरवाजांची उंची वाढवल्यावर ती १०५.२५ झाली. पावसाळ्यात इथले लोक सकाळी हवापाण्याऐवजी हाच आकडा एकमेकांना विचारतात. धरणाचे वर्ष १ जूनला सुरू होते. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी सोडता येते, ही कृष्णा पाणीवाटप लवादाने घातलेली मर्यादा. बाकीच्यावर पूर्वेकडच्या शेतीची आणि पिण्याची भिस्त. म्हणून पावसाळा संपताना धरण भरलेले हवे. पण जुलैच्या अखेरीसच भरून ठेवले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा आभाळ फाटले, तर आलेले पाणी ठेवणार कुठे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. त्यात धरणांचा वाटा किती आणि खाली कोसळलेल्या पावसाचा किती, यावर तज्ज्ञांत वाद झाले. कोणत्या तारखेला धरणात किती जागा मोकळी ठेवायची याचे कोष्टक असते, आणि ते पाळणाऱ्या अभियंत्याला न्यू अटलांटिसची तिजोरी उपलब्ध नाही. एक टीएमसी कमी ठेवला तर उन्हाळ्यात शिव्या, जास्त ठेवला तर पावसाळ्यात.

या पाण्याखाली माझ्या आईचे माहेर आहे. पाणी अडवायच्या आधी गाव उठले तेव्हा मी तान्हा होतो; आई मला कडेवर घेऊन आवराआवरीला गेली होती. सांगली जिल्ह्यातल्या माळावर जागा मिळाली होती. आजीच्या वाट्याला एक बैलगाडी. तुळया आणि दाराची चौकट भावकीतल्या गाडीत गेली, देव आजीने पदरात घेतले. गाडीत जागा उरली ती धान्याच्या कणगीला किंवा जात्याला. आजीने जाते चढवायला लावले. लोक म्हणाले, म्हातारीला वेड लागले. दगड काय, माळावरही मिळेल. आजी म्हणाली, "दाणं सरत्यात." पुढे तिच्यामागे ते जाते आईकडे आणि आईमागे माझ्याकडे आले.

दिवाळीनंतर आम्ही पुण्याला मुलाकडे राहायला जाणार आहोत. दोन खोल्या आमच्या वाट्याला, पाचव्या मजल्यावर. पुस्तके किती न्यायची यावर सौ.चे आणि माझे तीन तह झाले आणि तिन्ही मोडले. गेल्या रविवारी पुतण्याने सामानाची यादी केली, अगदी खेळासारखी: वस्तू, वजन, किंमत. जात्यापुढे त्याने वजन लिहिले 'दोन माणसांचे' आणि किंमत शून्य. सौ.ने यादी शांतपणे वाचली, टेम्पोवाल्याला फोन लावला आणि विचारले, तिथली लिफ्ट किती किलो उचलते ते तुम्हाला माहीत आहे का.