साध्या चालीचा कर्ता : बेंट फाब्रिक

लोकप्रिय गाण्याची चाल बांधणें हें हलकें काम आहे, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून आढळतो. रागदारीला तपश्चर्या लागते आणि चार लोकांच्या ओठीं बसणारी चाल मात्र आपोआप सुचते, असें आपण मानतों. हा समज कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं आज मी आपणांस डेन्मार्कमधील एका संगीतकाराची हकीकत सांगणार आहें.

त्यांचें पूर्ण नांव बेंट फाब्रिसियस-ब्येर. कोपनहेगन शहराला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग येथें ७ डिसेंबर १९२४ रोजीं त्यांचा जन्म झाला. दुसरें महायुद्ध संपल्यावर त्यांनीं जॅझ वाजविणाऱ्यांचा एक मेळ जमविला. जॅझ म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजांत जन्मलेलें, ठेक्याशीं खेळत जाणारें संगीत. स्वतः बेंट पियानोवर बसत.

पुढें १९५० सालीं त्यांनीं डेन्मार्कमध्यें मेट्रोनोम ही ध्वनिमुद्रिकांची कंपनी उभी केली, आणि वादक हा निर्माताहि झाला. निर्माता हा शब्द ऐकतांच पैसे घालणारा शेटजी आपल्या डोळ्यांपुढें येतो. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांत मात्र त्याचें काम निराळें असतें. कोणतें गाणें घ्यावयाचें, तें कोणाच्या गळ्याला शोभेल, साथीला वाद्यें कोणतीं व किती, गायकाचा कितवा प्रयत्न कायम ठेवावयाचा, हें ठरविणें त्याच्याकडे असतें. शिवाय त्या काळीं तबकडीच्या एका बाजूवर गाणें सुमारें तीन मिनिटांत बसवावें लागे. तीन मिनिटांत काय मावतें आणि काय गाळावें लागतें, हें आपल्याकडील भावगीतांच्या तबकड्या ऐकलेल्यांस निराळें सांगावयास नको. नीना आणि फ्रेडरिक या जोडीच्या तबकड्याहि मेट्रोनोमनें काढल्या. दुसऱ्यांचीं गाणीं अशा रीतीनें पारखतां पारखतां, श्रोत्याचें लक्ष कोठें लागतें आणि कोठें ढळतें, याची जाण बेंट यांना येत गेली असली पाहिजे.

याच सुमारास डेन्मार्कमध्यें दूरचित्रवाणी घरोघर पोंचूं लागली होती. तीवर बेंट एक करमणुकीचा कार्यक्रम सादर करीत. त्याच्या डॅनिश नांवाचा अर्थ ‘पियानोभोंवतीं’ असा होतो. त्याच नांवानें त्यांची एक पियानोची चाल १९६१ सालीं डेन्मार्कमध्यें गाजली. डावा हात ठेका धरून चालतो आणि उजवा हात त्यावर खेळकर पावलें टाकीत जातो, एवढाच तिचा थाट. गायक नाहीं, शब्द नाहीं, मोठा वाद्यवृंदहि पुढें येत नाहीं.

दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९६२ सालीं, अ‍ॅटको या अमेरिकन कंपनीनें ती तबकडी आपल्या देशांत काढली. ‘पियानोभोंवतीं’ या नांवांत अमेरिकन श्रोत्यास गोडी वाटण्याजोगें कांहीं नव्हतें. म्हणून तिचें नवें नांव ठेवलें ‘अ‍ॅली कॅट’, म्हणजे गल्लीबोळांतून भटकणारें मांजर. चालींतील एक सूरहि बदलला नव्हता, पण श्रोत्याच्या मनाला एक चित्र मिळालें. दबकत, थबकत, शेपटी उंचावून जाणारें मांजर तिच्यांत दिसूं लागलें. केवळ नांवामुळें चाल गाजली, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु दारांत उभ्या राहिलेल्या पाहुण्यास आंत बोलावण्याचें काम त्या नांवानें खास केलें.

ती चाल अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादींत सातव्या क्रमांकापर्यंत चढली आणि ऑस्ट्रेलियांत पहिल्या क्रमांकावर गेली. तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९६३ सालीं तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालें, तेंहि सर्वोत्कृष्ट ‘रॉक अँड रोल’ ध्वनिमुद्रणासाठीं! रॉक म्हटला कीं विजेच्या गिटारी आणि ढोलांचा दणदणाट आठवतो. ही चाल तर चहाच्या टेबलापाशीं शोभणारी. लोकांना आवडलेली वस्तु कोणत्या खणांत ठेवावी याचा उलगडा परीक्षकांस झाला नसावा.

येथें एक गमतीची, पण विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. तबकडीवर वादक म्हणून ‘बेंट फाब्रिक’ हें आटोपशीर नांव छापलें होतें, आणि चालीचा कर्ता म्हणून ‘फ्रँक ब्यर्न’ हें टोपणनांव. दोघेहि एकच! पुढें अमेरिकेंत मुलें या चालीवर नाचूं लागलीं. त्यांतील कितीजणांस तिच्या कर्त्याचें नांव ठाऊक असेल? चाल जितकी सर्वांची होते, तितका तिचा कर्ता दिसेनासा होतो. आणि कर्ता दिसेनासा झाला म्हणजे ती आपोआप झाली असें आपणांस वाटूं लागतें. आपल्या समजुतीचें मूळ मला येथेंच दिसतें.

एका यशावर बेंट थांबले नाहींत. १९६८ पासून डेन्मार्कमध्यें ‘ओल्सेन टोळी’ ही विनोदी चित्रपटमालिका निघाली. तुरुंगांतून सुटतांच नवी योजना आंखणारा एगॉन ओल्सेन आणि त्याचे दोन साथीदार यांच्या फजितीच्या या कथांना संगीत बेंट यांचें. पुढें १९७८ ते १९८२ या काळांत ‘मॅटाडोर’ ही चोवीस भागांची दूरचित्रवाणी-मालिका झाली. कोर्सबेक नांवाच्या एका कल्पित गांवाच्या १९२९ ते १९४७ पर्यंतच्या जीवनाचें चित्र तींत आहे. तिच्या आरंभींचें संगीतहि त्यांचेंच. अशी चाल प्रत्येक भागापूर्वीं वाजते. ती पहिल्याच वेळीं ओळखूं आली पाहिजे आणि चोविसाव्या वेळीं तिचा कंटाळा येतां कामा नये. या दोन अटी एकदम पाळणें किती कठीण आहे, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

वयाच्या ऐंशीनंतरहि त्यांनीं तरुण कलावंतांबरोबर नव्या धर्तीचें संगीत केलें. त्यांतील ‘ज्यूकबॉक्स’ ही रचना २००६ सालीं अमेरिकेंतील नृत्यगृहांच्या लोकप्रियता-यादींत शिरली. २८ जुलै २०२० रोजीं, ९५ वर्षांचे असतांना, ते निवर्तले.

मी जन्मभर मुलांना निबंध शिकविले. अवघड शब्द पेरून पानें भरणारे विद्यार्थी पुष्कळ भेटले. चार सोप्या वाक्यांत मनांतलें नेमकें सांगणारे मोजकेच. संगीतांतहि तोच न्याय असावा. यापुढें एखादी साधी चाल सहज गुणगुणतांना, ती कोणी बांधली याची चौकशी आपण घरांत अवश्य करावी.