जीपची बाकडी

गोराईच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, पण आमच्या जीपची मागची बाकडी आधी लाकडातूनच गेली. रेक्झिन उसवलं तेव्हा आतला काथ्या भुसा होऊन गळाला. प्लायवूडचे पदर सुटले होते, आणि ते सोडवले होते गंजलेल्या खिळ्यांनी. खिळा गंजून फुगला की लाकूड फुटतं, फटीत पाणी शिरतं आणि कूज तिथूनच सुरू होते.

गाडी सीजे-३बी. विलीजच्या परवान्यावर महिंद्र या जीपा इथेच बनवत असे. त्यांचा कांदिवलीचा कारखाना आमच्या खाडीपलीकडे. म्हणून मला ती परकी गाडी कधी वाटलीच नाही.

जुनं रेक्झिन मी फेकलं नाही. शिवणी उसवून ते वर्तमानपत्रावर पसरलं. मापाचा तोच खरा कागद. चौकटीला सागवान घेतलं. कोपऱ्यांवर दोन्ही पट्ट्या निम्म्या जाडीने कापून एकमेकींत बसवल्या. नुसता स्क्रू इथे धक्के सोसत नाही. वर १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, आणि स्क्रू पितळी. प्लायला मी मुद्दाम भोकं पाडली. माणूस बसला की काथ्याच्या जागी घातलेल्या फोममधली हवा दबते. तिला वाट नसेल तर ती शिवणीवर ताण देते. कापलेल्या कडांना वॉर्निशचे तीन हात दिले, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

काल बाबा मागे बसले. जेट्टीपर्यंत काही बोलले नाहीत, फक्त तळहाताने बाकडं चाचपत राहिले.