देवळाली ते 'डुलॅली' : छावणीतून विलायतेला गेलेला शब्द

नगरच्या आडते बाजारात कोणी 'देवळाली' म्हटले की ऐकणाऱ्याला राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा आठवते. नाशिकच्या व्यापाऱ्याला त्याच नावाने देवळाली कॅम्प आठवतो. इंग्लंडमधील एखाद्या दुकानदारापुढे मात्र हेच नाव थोडे मोडून 'डुलॅली' असे उच्चारले, तर तो हसून कपाळाकडे बोट नेईल. कारण तिकडे 'डुलॅली' म्हणजे डोके फिरलेला, खुळावलेला माणूस! आपल्या मुलखातील एका गावाच्या नावाला हा अर्थ कसा चिकटला, हे व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

ही देवळाली म्हणजे नाशिकजवळची. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, रेल्वेच्या मार्गावर असलेल्या या ठिकाणी इंग्रज सरकारने १८६१ साली लष्करी छावणी उभारली. विलायतेहून नवे आलेले गोरे शिपाई येथे उतरत आणि मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाण्यासाठी येथेच जहाजाची वाट पाहत. अडचण अशी की, शिपायांची ने-आण करणारी जहाजे साधारण नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतच चालत. ज्याची मुदत मार्चनंतर संपली, त्याला सगळा उन्हाळा आणि पावसाळा छावणीत काढावा लागे. बंदूक जमा झालेली, कवायत नाही, काम नाही. वरून ऊन, डास आणि हिवताप. कोणी दारूच्या आहारी जाई, कोणी भांडण करून लष्करी तुरुंगात जाई, तर कोणाचे खरोखरच मानसिक संतुलन बिघडे. माल गोदामात अडकून पडला की सडतो, हे आपण जाणतो. माणूस अडकून पडला की तोही आतून खचतो.

अशा शिपायाला त्याचे सोबती 'डुलॅली टॅप' झाला आहे, असे म्हणू लागले. यातील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. फारसीत 'तप' म्हणजे ज्वर, संस्कृतातही 'ताप' आहेच, आणि छावणीच्या हिंदुस्थानी बोलीत तोच शब्द रुळलेला होता. म्हणजे पूर्ण अर्थ झाला 'देवळालीचा ताप'. मराठीत आपणही 'डोक्याला ताप झाला' असे म्हणतोच! पुढे इंग्रजांना 'टॅप'चा मूळ अर्थ आठवेना, म्हणून तो गळून पडला आणि नुसते 'डुलॅली' उरले. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेझर आणि गिबन्स यांच्या सैनिकी शब्दकोशात हा शब्द नोंदलेला आहे. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने १९३६ साली हिंदुस्थानातील नोकरीच्या आठवणी लिहिल्या, त्यातही देवळालीच्या या रखडपट्टीचे वर्णन आहे.

हा एकच शब्द गेला असे नाही. आमच्या भिंगार कॅम्पसारख्या छावणीचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही. जेथे पैसा हात बदलतो तेथे शब्दही हात बदलतात. शिंपी, धोबी, खानसामा, ठेकेदार यांच्याशी व्यवहार करता करता गोऱ्या शिपायाने 'देखो'चे 'डेको' केले आणि 'चिठ्ठी'चे 'चिट' केले. 'विलायत' हा मूळचा अरबी शब्द. त्यावरून झालेल्या 'बिलायती'चे त्याने 'ब्लायटी' केले, आणि पहिल्या महायुद्धात तो शब्द मायदेशाच्या ओढीने त्याच्या तोंडी बसला. आपण ज्याला विलायत म्हणत होतो, तिलाच विलायतेचा शिपाई आपल्या शब्दाने हाक मारू लागला!

आता व्यवहाराची गोष्ट. इंग्लंडशी व्यापार करणाऱ्याच्या किंवा तेथे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांच्या कानावर हा शब्द आज ना उद्या पडेल. एखादे यंत्र बिघडले तरी तेथे ते 'डुलॅली' झाले असे म्हणतात. हा बोलीतील थट्टेचा शब्द आहे, तो व्यापारी पत्रात घालू नये. आणि खरोखर मनाने आजारी असलेल्या माणसासाठी तर मुळीच वापरू नये. ज्यांच्यावरून तो निघाला, तेही आजारी आणि घरापासून दूर अडकलेले लोकच होते.

देवळालीकरांनी मात्र यात लाज वाटून घेण्याचे कारण नाही. शिपायांना महिनोन् महिने बसवून ठेवले ते सरकारने, बदनामी पदरी पडली ती गावाच्या. बाजारात नाव म्हणजे पत. ती दुसऱ्याच्या गैरव्यवस्थेनेही जाऊ शकते आणि चांगल्या कामाने पुन्हा मिळवता येते. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातील पहिली किसान रेल्वे सुटली ती याच देवळालीहून, बिहारमधील दानापूरकडे. भाजी आणि फळे वाटेत अडकून सडू नयेत, हाच तिचा हेतू होता. ज्या गावाचे नाव रखडलेल्या माणसांमुळे बदनाम झाले, तेथूनच माल न रखडवण्याची सुरुवात झाली. विलायतेच्या शब्दकोशात याची नोंद होणार नाही. आपल्या वहीत ती असावी.