उंदराचा वास

‘आय स्मेल अ रॅट’ म्हणजे ‘यात मला काहीतरी काळंबेरं वाटतंय’. हा इंग्रजी वाक्प्रचार १६व्या शतकापासून वापरात आहे. लपलेला उंदीर आपल्याला दिसत नाही, पण कुत्रा वासावरून त्याचा माग काढतो. त्यावरूनच तो रूढ झाला असे मानतात. आपण मराठीत ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ म्हणतो. ओल दिसते, गळती दिसत नाही. दोन्हीकडे संशय आधी, पुरावा नंतर. बँकेत आम्हीही खाडाखोडीचा चेक आधी बाजूला ठेवायचो, मग चौकशी करायचो. म्हणून मंडळी, फोनवर कोणी ओटीपी मागितला तर पुराव्याची वाट पाहू नका. फोन ठेवा, शाखेत जाऊन विचारा.