पावतीवरची एक ओळ

कॉलेजच्या फीची पावती सबंध वाचणारा पालक विरळाच. बेरीज पाहायची, सुस्कारा टाकायचा आणि घडी घालून ठेवून द्यायची! म्हशाच्या मुलीने शिवळ्याला नाव घातले काय, किंवा थेट कल्याणला, पावतीचा घाट तोच. शिक्षण शुल्काखाली ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण निधी, आणि त्याच गर्दीत 'गट विमा'. रक्कम स्टँडवरच्या चहा-वडापावात संपेल एवढी, पण ती भरायची की नाही, हे विचारायची सोय नाही.

सक्तीला माझा विरोध नाही. विमा ऐच्छिक ठेवला तर ज्याला गरज दिसते तोच घेतो आणि हप्ता वाढत जातो. सगळ्यांनी थोडे थोडे भरले तरच एखाद्याच्या वेळेला ते उभे राहते. तक्रार निराळी आहे. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा शेतकरी दात मोजल्याशिवाय सौदा करत नाही. इथे मात्र घेतले काय, हेच घेणाऱ्याला ठाऊक नसते.

घरच्यांची समजूत अशी, की पोरीला ताप आला तर कॉलेजचा विमा आहे. असा गट विमा बहुधा अपघाताचा असतो, टायफॉईडचा नव्हे. तापासाठी मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आहे, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसुद्धा मोफत झाला. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना. ही दारे विम्याच्या ओळीहून वेगळी, हे प्रवेशाच्या दिवशी कोणी सांगत नाही.

बारावीपर्यंत सरकारची अपघात योजना असते. तिच्यात पूर्वी विमा कंपन्या होत्या; पुढे त्यांना मधून काढून सरकारच सानुग्रह अनुदान देऊ लागले. 2022 मध्ये मृत्यूनंतरची रक्कम दीड लाख झाली. बारावी सुटली की ही छत्री मिटते, नेमकी मूल रोज एसटीने आणि दुचाकीवरून लांब जाऊ लागते तेव्हा.

बँकेच्या काउंटरमागे बसून मी या अज्ञानाची किंमत पाहिली आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना 2015 मध्ये आली. हप्ता वर्षाला 12 रुपये, जून 2022 पासून 20. अपघाती मृत्यूला दोन लाख. साप चावणे, झाडावरून पडणे हेही त्यात बसते; फक्त रुग्णालयाची तातडीची नोंद हवी. आमच्या रानातले हे नेहमीचे मरण! पण वारस येत ते खाते बंद करायला. पासबुकातली ती वजावट त्यांनी पाहिलेलीच नसे.

आता याच्या अगदी उलट चित्र. ठाण्या-पुण्याची मुले शिकायला इंग्लंडला जातात, त्यांना व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. 2015 मध्ये तो विद्यार्थ्यांना वर्षाला 150 पौंड होता. फेब्रुवारी 2024 पासून 776. वर्षाच्या एम.एस्सी.लाही व्हिसा पुढच्या काही महिन्यांचा धरून मिळतो, म्हणून दीड वर्षाचे 1164 पौंड, म्हणजे सव्वा लाखाच्या वर रुपये. शैक्षणिक कर्जाचा हिशेब मांडताना बाप कपाळाला हात लावतो. पण पोराला ठाऊक असते, की तिथे उतरल्यावर डॉक्टरकडे नाव नोंदवायचे, रुग्णालयात बिल नाही, दातांचे आणि औषधांचे मात्र बहुधा वेगळे. महाग असले तरी काय विकत घेतले ते लिहिलेले आहे.

आपल्या कॉलेजांना एवढे करणे अवघड नाही. पॉलिसीचा क्रमांक, कंपनी, रक्कम, अपघातानंतर किती दिवसांत कोणाला कळवायचे, एवढे पावतीच्या मागे छापता येते. तोवर खिडकीशी विचारावे. 'विद्यापीठाचा नियम आहे' एवढेच उत्तर आले तर प्राचार्यांच्या नावे साध्या कागदावर पॉलिसीची प्रत मागणारा अर्ज द्यावा, आणि पोच घ्यावी.