पाय हलवा, हात नको

"एवढंच?" पहिली पेलेट सुटल्यावर नव्याने आलेल्या बहुतेक जणी हेच विचारतात. सिनेमातल्या धडाक्याची तयारी ठेवून आलेल्या कानांवर फक्त एक कोरडा 'फट्' पडतो. समोरच्या कार्डाला बारीकसं भोक पडतं आणि काम संपतं.

पुण्यात बालेवाडीच्या बाजूला एका हॉलमध्ये नेमबाजीची सकाळची बॅच भरते. दहा मीटरच्या पल्ल्याला जागा फार लागत नाही, म्हणून एअर रायफल आणि एअर पिस्तुलाची रेंज साध्या हॉलमध्येही बसते. या बॅचमध्ये आयटीतल्या दोघी आहेत, एक दातांची डॉक्टर आहे, एक अकरावीतली मुलगी आहे. तिला सोडायला येता येता स्वतःचंही नाव घातलेली तिची आईसुद्धा आहे. मी बाकावर वही घेऊन बसले होते, पण शिकवणाऱ्या सरांनी मलाही उठवलं. बघून कळायचं नाही म्हणाले.

पहिल्या तासाला हातात बंदूक येतच नाही. दोन्ही तळवे पुढे धरून मध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहायचं, मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ जागेवरच दिसतं तो तुमचा मुख्य डोळा. डॉक्टरीणबाई उजव्या हाताच्या आणि डाव्या डोळ्याच्या निघाल्या. दिवसभर लोकांच्या तोंडात आरशातून बघणाऱ्या बाईला हे आजवर कधी समजलं नव्हतं. दुसरा डोळा मिटायचा नसतो, कारण मिटला की चेहरा आखडतो. त्याच्यापुढे पांढरी पट्टी लावतात.

मग नियम येतात, आणि इथे सरांचा आवाज बदलतो. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडेच हवं. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. हत्यार खाली ठेवलं की बोल्ट उघडा आणि नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग. 'स्टॉप' म्हटलं की जिथे आहात तिथे थांबायचं, मग शेवटचा शॉट कितीही चांगला जमत आलेला असो. पेलेट शिशाच्या असतात, म्हणून खाण्याचा डबा रेंजबाहेर ठेवायचा आणि हात साबणाने धुतल्याशिवाय उघडायचा नाही. या शेवटच्या नियमाला आईने मुलीकडे पाहून मान डोलावली. घरी बहुधा तोच वाद रोजचा असावा.

रायफल जड असते. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं. ती दंडाच्या ताकदीवर धरायला गेलं की दोन मिनिटांत हात थरथरतो. खरी गंमत उभं राहण्यात आहे. लक्ष्याकडे डावा खांदा करायचा, पाठ किंचित मागे कलती ठेवायची, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचा आणि त्याच हाताच्या मुठीवर रायफल ठेवायची. वजन स्नायूंवर न घेता हाडांवरून जमिनीत उतरवायचं. बायकांना कमरेचा हा टेकू बरा सापडतो असं सर म्हणतात. काखोटीला मूल घेऊन दुसऱ्या हाताने आमटी ढवळणाऱ्या कुणालाही ते पटेल.

आता डोळे मिटा, श्वास सोडा, शरीर सैल होऊ द्या. डोळे उघडा. साइट लक्ष्यावर आहे का? नसते. नवखी लगेच हातांनी रायफल डावीकडे ओढते, आणि मागून आवाज येतो, "पाय हलवा, हात नको." उजवं पाऊल बोटभर सरकवायचं, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे. शरीर आपोआप जिथे रोखलं जातं तिथेच लक्ष्य यायला हवं. जोर लावून आणलेला नेम ट्रिगर दाबताच परत आपल्या जागी जातो. या एका गोष्टीवर सगळी सकाळ जाते, आणि ती वाया गेली असं मला तरी वाटलं नाही.

एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पेलेट साडेचार मिलिमीटरची. पिस्तुलात दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, पण तिथे आधार फक्त एका ताणलेल्या हाताचा. पिस्तुलवाल्यांना आणखी एक उलटी गोष्ट शिकवतात. नजर पुढच्या साइटवर ठेवायची आणि लक्ष्य धूसर दिसू द्यायचं. आयटीतल्या एकीला हे पटता पटत नव्हतं. जे गाठायचं त्याच्याकडे बघायचं नाही? पण लक्ष्याकडे बघितलं की साइट कधी तिरकी झाली ते कळतच नाही.

सुरुवातीला गुणांना किंमत नसते, ग्रुपिंगला असते. पाचही भोकं डावीकडे खाली, पण एकमेकांना खेटून पडली तर सर खूश होतात. साइटचे चार क्लिक फिरवले की तो पुंजका मध्यावर येतो. विखुरलेल्या पाचांत एक दहा असला तरी तो कुणी मोजत नाही. नेम धरून आठ-दहा सेकंद झाले आणि शॉट सुटला नाही, तर रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. न सोडलेल्या शॉटबद्दल इथे शाबासकी मिळते.

चौकशीला येणाऱ्या बऱ्याच जणी स्वसंरक्षणाचं विचारतात. काही जाहिरातीही तसं सुचवतात, आणि ते मला खटकतं. पाऊण मिनिट श्वास जुळवून, ताठ जॅकेट घालून सोडलेली पेलेट रात्रीच्या रस्त्यावर काय कामाची? ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअर रायफलला परवानाही लागत नाही. पॉइंट टू-टू बोअरच्या रायफलवर गेलात की शस्त्र कायद्याचा परवाना आला. हा खेळ आहे, आणि खेळ म्हणूनच तो बायकांचा झाला. एनसीसीतून आलेल्या आणि लग्नानंतर पुणेकर झालेल्या अंजली भागवत 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, आणि त्याच गावच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण घेतलं. या तिघींना 'सुरक्षेसाठी काय करता' असं कुणी विचारत असेल असं वाटत नाही.

2018 पर्यंत एक हिशेब मात्र वेगळा होता. 10 मीटरला पुरुष 60 शॉट मारायचे आणि बायका 40. आता दोघांनाही 60, आणि त्यासाठी सव्वा तास. अकरावीतल्या मुलीला हे नवल वाटलं नाही, तिने असंच कायम असणार असं धरलं होतं. तिच्या आईने मात्र मनाशी हिशेब केला. आधीच्या सरावाची पंधरा मिनिटं धरून दीड तास. स्पर्धेच्या दिवशी धाकट्याला क्लासहून कोण आणणार, हे तिने तिथल्या तिथे नवऱ्याला फोन करून ठरवलं, आणि जिल्हा स्पर्धेचा फॉर्म एकच होता तिथे दोन मागितले.