वाटावे कीं निवडावे?



पत्त्यांच्या खेळांत डाव कोणीं जिंकला, इकडे सर्वांचें लक्ष असतें. पत्ते हातीं आले कसे, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. एकानें पिसावे, दुसऱ्यानें कापावे, तिसऱ्यानें वाटावे आणि जे वांट्याला येतील ते मुकाट्यानें उचलावे, ही आपली रीत. आज ज्या प्रकारांविषयीं बोलावयाचें आहे, त्यांत पत्ते वाटले जात नाहींत. खेळणारा ते पाहून, पारखून निवडून घेतो. इंग्रजींत या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आपण तिला ‘निवड’ म्हणूं.

आपल्या जुन्या खेळांत बहुतेक सत्ता वाटपाचीच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं १२० वाटोळीं पानें असतात. तिघे खेळावयास बसले म्हणजे प्रत्येकाला ४० पानें येतात. दिवसा राम आणि रात्रीं कृष्ण ज्याच्या हातीं पडेल, त्यानें खेळास आरंभ करावयाचा. म्हणजे आरंभाचा मानसुद्धां वाटपानेंच ठरतो. निवडीला अगदींच थारा नव्हता, असें मात्र नाहीं. आपल्या घराघरांतील पांच-तीन-दोन हा खेळ घ्या. ज्याचे हात ठरल्यापेक्षां जास्त झाले, तो पुढच्या डावांत कमी हात करणाऱ्याचा पत्ता ओढतो आणि बदल्यांत आपल्याला नको असलेला पत्ता त्याला देतो. ओढणें नशिबाचें, पण देणें विचाराचें. निवडीचें बीज येथें आहे.

या बीजाचा वृक्ष झाला तो अलीकडच्या, पत्ते जमवून खेळावयाच्या खेळांत. १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ प्रसिद्ध झाला, १९९६ सालीं जपानांत पोकेमॉनचे पत्ते निघाले. या खेळांत सर्वांना मिळून एकच कॅट नसतो. दुकानांत बंद पुड्या मिळतात. आंत कोणते पत्ते आहेत, हें फोडल्यावांचून कळत नाहीं. पत्ते जमवावे, आपसांत बदलावे आणि त्यांतून प्रत्येकानें स्वतःचा कॅट रचावा, अशी ही योजना.

योजना चतुर खरी. पण तिच्या पोटीं एक दोष आहे. ज्याला वीस पुड्या मिळाल्या, त्याचा कॅट दोन पुड्यांवर भागविणाऱ्यापेक्षां बहुधा बलवान होणार. एकाच वर्गांतलीं मुलें अशा खेळाला बसलीं म्हणजे कोणाच्या घरीं खर्चाला किती पैसा आहे, याची मोजदाद पत्त्यांवरून होऊं लागते. आणि हरणाऱ्या मुलाला आपण कशानें हरलों, हें चांगलें कळत असतें. निवडीच्या पद्धतीचें खरें महत्त्व येथें आहे. तिच्यांत सर्वजण एकाच सांठ्यांतून, सारख्याच संधीनें पत्ते घेतात. मग जो हरतो, तो पैशानें हरत नाहीं.

रूढ पद्धत आठ जणांची. प्रत्येकाजवळ १५ पत्त्यांच्या तीन पुड्या असतात. सर्वांनीं एकदमच पहिली पुडी फोडावी, एक पत्ता ठेवावा आणि उरलेले चौदा डावीकडच्याला द्यावे. उजवीकडून आलेल्या चौदांतून पुन्हां एक ठेवावा. असें पुडी संपेपर्यंत. दुसरी पुडी उजवीकडे फिरते, तिसरी पुन्हां डावीकडे. शेवटीं प्रत्येकाजवळ ४५ पत्ते होतात आणि त्यांतून तो आपला कॅट रचतो. पुष्कळ मंडळी दर वेळीं नव्या पुड्या घेत नाहींत. जमलेल्यांतून वेंचक ३६० पत्त्यांची एक कायमची पेटी करतात आणि खेळ संपला कीं पत्ते पेटींत परत टाकतात. आठ जणांचे पंचेचाळीस म्हणजे बरोबर ३६०. अशा पेटीला ‘क्यूब’ म्हणतात.

परंतु हें सारें आठ माणसें जमलीं तर! पुण्यामुंबईस तें फारसें कठीण नाहीं. इस्लामपूरजवळ राजारामनगरला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील वसतिगृहांतही आठ तरुण एका खोलींत बसूं शकतील. पण प्रत्यक्ष इस्लामपुरांत—ज्या गांवाला ईश्वरपूर असेंही म्हणतात—दिवाळीच्या सुट्टींत घरीं आलेल्या मुलाला सोबत मिळणार ती धाकट्या बहिणीची, फार तर शेजारच्या एकदोन मित्रांची. दोघां-तिघांनीं काय करावें, हा खरा प्रश्न आहे.

दोघांनींच पुडी फिरविली तर चालेल, असें प्रथम वाटतें. पण तें तितकेंसें चालत नाहीं. आठ जणांत पुडी फिरून येते तोंवर तींतले आठ पत्ते गेलेले असतात. कोणीं काय घेतलें, याचा तर्क करावा लागतो. दोघांत ती दोनच पत्ते गमावून परत येते. समोरच्यानें काय घेतलें, हें उघड दिसतें आणि गुपित उरत नाहीं. शिवाय आठ जणांत एकाची वाट अडविण्यासाठीं आपली निवड वायां घालविणें परवडत नाहीं. दोघांत प्रतिपक्षी एकच. त्याला मिळूं नये तें आपण घेतलें, तरी तो लाभच. मग खेळाची अडवणूक होते. म्हणून दोघांसाठीं वेगळे प्रकार निघाले आहेत. त्यांतील तीन सांगण्याजोगे आहेत.

पहिला ‘सॉलोमन’. आठ पत्ते उघडे मांडावे. एकानें त्यांचे दोन वांटे करावे, दुसऱ्यानें हवा तो वांटा उचलावा, उरलेला पहिल्याचा. पुढच्या आठांना कामें उलट. भावाभावांच्या वाटणींत एकानें वांटे पाडावे आणि दुसऱ्यानें आधीं उचलावा, हा न्याय आपल्याला नवा नाहीं. येथें गंमत अशी कीं, वांटे संख्येनें सारखे असण्याचें कारण नाहीं. एक अत्युत्तम पत्ता एकीकडे आणि सात सामान्य दुसरीकडे, असेंही करतां येतें. स्वतःला काय हवें एवढें जाणून येथें भागत नाहीं. समोरच्याला काय हवें, तेंही ओळखावें लागतें.

दुसरा ‘विन्स्टन’. ९० पत्ते पिसून पालथा गठ्ठा ठेवावा आणि त्यांतून एकेक पत्त्याचे तीन पालथे ढीग मांडावे. ज्याची पाळी, त्यानें पहिला ढीग गुपचूप पाहावा. आवडला तर घ्यावा व त्या जागीं गठ्ठ्यांतला नवा पत्ता ठेवावा. नाहीं तर तो ढीग परत ठेवून त्यावर न पाहतां एक पत्ता घालावा आणि दुसऱ्या ढिगाकडे वळावें. तिन्ही नाकारले, तर गठ्ठ्यांतला वरचा पत्ता डोळे मिटून घ्यावा. नाकारलेला ढीग दर वेळीं वाढत जातो. आज सोडलेला ढीग उद्यां मोह घालतो. येथें कस लागतो तो धीराचा.

तिसरा ‘ग्रिड’, म्हणजे चौकट. नऊ पत्ते तीन-तीनच्या तीन ओळींत उघडे मांडावे. पहिल्यानें एक आडवी किंवा उभी ओळ उचलावी. दुसऱ्यानें उरलेल्यांतून एक ओळ उचलावी. तींत कधीं तीन, कधीं दोनच पत्ते मिळतात. बाकीचे बाजूला टाकावे आणि पुढच्या चौकटीला दुसऱ्यानें आधीं उचलावें. अशा १८ चौकटी, म्हणजे १६२ पत्ते झाले कीं प्रत्येकाजवळ ४५ ते ५४ पत्ते जमतात.

तिघांत श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न व्यर्थ आहे. सोबत कोण आहे, हें आधीं पाहावें. दोघे सारखेच मुरलेले असतील, तर सॉलोमन रंगतो. धाकट्या बहिणीला खेळ नुकताच शिकवावयाचा असेल, तर चौकट बरी. सारे पत्ते उघडे असल्यानें ‘हा कशासाठीं?’ असें तिला मोकळेपणानें विचारतां येतें आणि सांगणाऱ्यालाही कांहीं लपवावें लागत नाहीं. विन्स्टन तिला पुढच्या सुट्टींत शिकवावा.

तिघे किंवा चौघे जमले कीं एकानें वाटावें, दुसऱ्यानें उचलावें, हा न्याय अपुरा पडतो. पोलंडचे गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस यांनीं न्याय्य वाटणीच्या याच प्रश्नावर १९४८ सालीं निबंध प्रसिद्ध केला होता. पत्त्यांपुरता सोपा उपाय आहे. पत्ते उघडे मांडावे, क्रमानें एकेक उचलावा आणि क्रम दर फेरीला उलटावा. पहिला, दुसरा, तिसरा. मग तिसरा, दुसरा, पहिला. याला सर्पगति म्हणूं.

तिचा लाभ हुतुतूच्या मैदानावर चटकन् पटेल. आठ गडी आहेत. उत्तमाला आठ गुण, कनिष्ठाला एक, असें धरा. दोन कप्तानांनीं पाळीपाळीनें गडी घेतले, तर पहिल्याकडे ८, ६, ४, २ म्हणजे २० गुण जातात आणि दुसऱ्याकडे १६. सर्पगतीनें पहिल्याला ८, ५, ४, १ आणि दुसऱ्याला ७, ६, ३, २ मिळतात. दोन्हींची बेरीज १८. आपल्या मुलांनीं याहूनही कोमल उपाय काढलेला आहे. सारख्या बळाचे दोघे दूर जाऊन गुप्त नांवें घेतात आणि येऊन कप्तानांना पुसतात, चांफा कोणाला, मोगरा कोणाला? कप्तान नांव निवडतो, गडी नव्हे. त्यामुळें ‘तूं शेवटीं उरलास’ असें कोणालाच ऐकावें लागत नाहीं. पत्त्याला उरल्याचें दुःख नसतें, मुलाला असतें.

परदेशी पत्ते घरीं नसले, तरी अडत नाहीं. क्रिकेटपटूंचीं ट्रम्प कार्डें पुष्कळ घरांत पडून असतात. त्यांतलीं ३६ घेऊन नऊ-नऊच्या चार चौकटी मांडा. प्रत्येकाला १० ते १२ कार्डें मिळतील. त्यांतलीं उत्तम दहा ठेवून नेहमींप्रमाणें आंकड्यांची तुलना करीत खेळा. धांवा अधिक असलेला फलंदाज घ्यावा कीं बळी अधिक असलेला गोलंदाज, हा प्रश्न निवडतांनाच उभा राहील आणि नुसत्या वाटपाच्या खेळाला विचाराची जोड मिळेल.

एक गोष्ट मात्र पहिला पत्ता उचलण्यापूर्वींच ठरवावी : खेळ संपल्यावर पत्ते कोणाचे? नव्या पुड्या फोडल्या असतील, तर निवडणाऱ्याचे कीं पुडी आणणाऱ्याचे, हें आधीं स्पष्ट बोलावें. पुष्कळ मैत्र्या येथेंच दुखावतात. घरच्या मंडळींना माझी सूचना अशी कीं, पेटी सर्वांची मिळून एकच असावी आणि खेळ आटोपतांच तींतले पत्ते तींतच मोजून ठेवावे. मग पुढच्या सुट्टींत, कोणाजवळ किती पुड्या आहेत हें न विचारतां, पुन्हां सारख्या हातानें खेळावयास बसतां येईल.